चावणारा माईक

माझ्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य चाळीस वर्षं एकच राहिलं. ‘‘काल तर चांगलं चालत होतं.’’ हातात रेडिओ असो, टेपरेकॉर्डर असो, नाहीतर लग्नाच्या मांडवातला कर्णा असो, वाक्य तेच. मी कधी वाद घातला नाही. ‘‘ठेवा, बघतो,’’ म्हणायचो आणि बघायचो. चालणारी वस्तू घेऊन माझ्याकडे कोण कशाला येईल?

आता भोरमधलं ते दुकान भाचा चालवतो. तो मोबाईल विकतो. मला त्यानं मागच्या अंगाला एक टेबल दिलंय. त्यावर माझी सोल्डरगन, मीटर आणि माझा वायरलेस सेट. लोक मला तांबोळीकाका म्हणतात. तोंडानं मी तिखट आहे, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे आणि माझ्या बायकोला, शमीमला तर जास्तच. पण कान चांगले, असं सगळे म्हणत आले. टेबलावर ठेवलेला रेडिओ न उघडता, नुसती खरखर ऐकून मी सांगायचो, ‘‘कंडेन्सर गेलाय.’’ आणि कंडेन्सरच गेलेला असायचा. या कानांचा मला फार गर्व होता. हा लेख त्या गर्वाचाच आहे.

मी हौशी रेडिओवाला आहे. म्हणजे काय, ते सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि मग आपल्या सेटवरून, आपल्या अँटेनावरून दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलायचं. मधे कंपनी नाही, टॉवर नाही. त्यावर धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत आणि शिव्या द्यायच्या नाहीत. तिसरा नियम पाळताना मला सुरुवातीला घाम फुटायचा. वेल्ह्याच्या डोंगरात आजही कितीतरी ठिकाणी मोबाईल नुसता घड्याळ म्हणून खिशात असतो. तिथं आमचे सेट बोलतात. त्यामुळे कुठं शर्यत असली, कुणी रानात हरवलं, दरड कोसळली की आम्हाला बोलावणं येतं.

आमच्या या छंदात एक नामांकित रोग आहे आणि तो गाडीत बसवलेल्या सेटला हमखास होतो. सेटमधून अँटेनात जोराच्या लहरी जातात. त्या हवेत निघून जाव्यात, एवढीच आपली इच्छा. पण अँटेना जवळ आणि गाडी लहान, त्यामुळे त्यातल्या काही मागे फिरून माईकच्या वायरीत शिरतात. वायरीला काय, कुठल्याही लहरी चालतात. ती आपल्या बोलण्याबरोबर हा कचराही सेटला देते आणि सेट तो पुन्हा बाहेर फेकतो. आपण आत बसून ‘नमस्कार’ म्हणतो आणि पलीकडच्याला बदकांची भांडणं ऐकू येतात. यातली वाईट गोष्ट अशी की, बोलणाऱ्याला स्वतःला यातलं काही ऐकू येत नाही. दुसरे सांगतील ते खरं मानायचं.

हा रोग मी पहिल्यांदा बघितला तो गाडीत नाही, कीर्तनात. आमच्या घरामागच्या देवळात सप्ताह चालू होता. मी घरात बसून कोल्हापूरच्या एका मित्राशी बोलत होतो. तेवढ्यात देवळातला एक माणूस धावत आला. ‘‘काका, बंद करा, बंद करा! बुवांच्या कर्ण्यातनं तुमी बोलाय लागलाय!’’ मी गेलो तर सगळा मांडव हसतोय. बुवा मात्र शांत. मला बघून म्हणाले, ‘‘मला आधी वाटलं, देवच बोलाय लागला. पण देवाचा आवाज असा बदकावानी कसा असंल? तवाच म्हणलं, ह्यो माणूसच हाये.’’

माईकची वायर मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. माझ्या लहरी ती आनंदानं गोळा करत होती. मी घरून एक काळी कडी आणली. तुमच्या लॅपटॉपच्या वायरीवर एक जाड गाठ असते ना, तिच्या आत हीच कडी असते, फेराइटची. तिच्यातून आपला आवाज जातो, पण लहरींना ती अडवते. माईकची वायर त्या कडीतून पाच-सहा वेढे देऊन घेतली आणि बदक गेलं. बुवांनी सगळ्यांसमोर मला नारळ दिला. म्हणाले, ‘‘आता तुमी तुमचं बोला, मी माझं बोलतो.’’ तेव्हापासून आसपास कुणाच्या माईकमध्ये बदक शिरलं की माणसं माझ्याकडे यायची आणि मी ऐकूनच औषध सांगायचो.

आता सुरेखाची गोष्ट सांगतो.

सुरेखाची वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासलीला पिठाची गिरणी आहे. वय असेल पस्तीस. पहिल्यांदा ती गिरणीतला रेडिओ घेऊन आली, तेव्हा माझ्या सेटवर कुणीतरी बोलत होतं. रेडिओ राहिला बाजूला, ती त्या आवाजाकडेच बघत बसली. ‘‘काका, ह्यो माणूस कुठं हाये?’’ म्हटलं, ‘‘केरळात.’’ ‘‘आन् मधी काय हाये?’’ ‘‘मधे काही नाही. हवा.’’ तिनं पदर खोचला आणि विचारलं, ‘‘मला यील का ह्ये?’’ मी थट्टेनं म्हटलं, ‘‘दळण सोडून?’’ ती म्हणाली, ‘‘दळता दळता.’’

आणि खरंच, दळता दळता ती परीक्षेला बसली. एका हातानं जातं सैल-घट्ट करायची, दुसऱ्या हातात पुस्तक. पुस्तकाच्या पानापानांत नाचणीचं पीठ. पहिल्याच फटक्यात पास झाली. अशी शिष्यीण मला कधी मिळाली नव्हती. आवाज मात्र गिरणीवरचा. पट्टा, मोटर, जातं या सगळ्यांच्या वरून बोलायची सवय, त्यामुळे ती कानगोष्ट करायला लागली तरी एसटी थांबेल.

गेल्या वर्षीच्या थंडीसाठी वेल्ह्याच्या डोंगरात धावायची मोठी शर्यत ठरली. संपर्काचं काम आमच्या मंडळींकडे आलं. आमचे प्रमुख पुण्याचे निवृत्त इंजिनिअर, सहस्रबुद्धेसाहेब. शिस्तीचा माणूस, पण न्यायी. पासलीच्या वरच्या खिंडीत एक जीप उभी करायची आणि तीच मुख्य स्टेशन, असं त्यांनी ठरवलं. खिंड उंच, तिथून सगळीकडे ऐकू जातं. त्या जीपमध्ये बसणाऱ्यानं सगळ्यांचे निरोप घ्यायचे, द्यायचे, कुणी आधी बोलायचं ते ठरवायचं. त्या दिवशी सगळ्यांचा कारभारी तोच. साहेबांनी विचारलं, ‘‘इथल्या पायवाटा कुणाला माहीत आहेत?’’ सुरेखानं हात वर केला. माहेर-सासर दोन्ही त्याच डोंगरात, लहानपण गुरांमागं गेलेलं. जीपमधली जागा तिला मिळाली.

घरी जाताना ती माझ्या दुकानात पेढे ठेवून गेली. ‘‘काका, आमच्या गावात आजवर बाईमाणसानं कुठल्या जीपमधी पुढची सीट बी घेतली न्हाई, आन् मी तर सगळ्यांना हुकूम सोडणार!’’ अशी हसत होती की रस्त्यावरची माणसं आत डोकावून बघायला लागली.

जीप बबनची. बबन नसरापूरला वडाप करतो, म्हणजे शिटा भरून भाड्यानं जीप पळवतो. पन्नाशीचा गडी, भरघोस मिशी, जिवापेक्षा जीप प्यारी. सेट आणि अँटेना मीच बसवली. जीपच्या मागच्या लोखंडी चौकटीवर अँटेनाचा खुंटा घट्ट आवळला, बोलून बघितलं, आवाज घंटेसारखा स्वच्छ. मी निश्चिंत झालो. मग दसरा आला, गेला.

दसऱ्यानंतर पहिली रंगीत तालीम. सुरेखा आणि बबन खिंडीत, साहेब खाली वेल्ह्यात आणि मी हिर्डोशीला लेकीकडे गेलो होतो, तिथून सेट लावून ऐकत होतो. सुरेखानं बोलायला सुरुवात केली आणि माझ्या सेटमधून नुसतं ‘गर्र-घ्यँव-घ्यँव’. साहेब म्हणाले, ‘‘एक शब्द कळत नाही.’’ तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. साहेबांनी मला विचारलं, ‘‘तांबोळी, तुमचे कान काय म्हणतात?’’

इथं मी माती खाल्ली. सगळे ऐकत होते. पुणं, सासवड, महाड, सगळीकडची मंडळी. मी हिर्डोशीत लेकीच्या ओटीवर बसून, चहाचा कप हातात घेऊन, गाडी न बघता, माईक न बघता निकाल दिला. म्हणालो, ‘‘आवाज गिरणीवरचा आहे. फार वरच्या पट्टीतला. माईकला सोसत नाही. सुरेखा, हळू बोल, खालच्या पट्टीत बोल.’’

माईकवर ओरडलं की आवाज फाटतो, हे खरंच आहे. म्हणून तर सगळ्यांना पटलं. तांबोळीकाका म्हणाले म्हणजे झालं. त्यावर सुरेखा काहीतरी म्हणाली. बऱ्याच खरखरीतून मला एवढंच लागलं, ‘‘काका, माईक चावतोय.’’ मी हसलो. म्हटलं, ‘‘नव्या माणसाला माईक चावतोच. सवय होईल.’’ बाकीचेही हसले.

बाई आठ दिवस खालच्या पट्टीत बोलली. नवऱ्याशी, सासूशी, गिऱ्हाइकांशी. गिरणीत माणसं विचारायची, ‘‘सुरेखावैनी, घसा बसला का?’’ ही मान हलवायची. सासूनं तिला दोन वेळा हळद-दूध पाजलं. दुसऱ्या तालमीला तिचा आवाज कसाबसा निघत होता आणि सेटमधून बाहेर येताना पुन्हा तेच बदक, फक्त आजारी. साहेबांनी निर्णय घेतला. चांगल्या शब्दांत, पण घेतला. जीपमध्ये पुण्याचा एक अनुभवी माणूस बसेल, सुरेखाताई चहापाण्याच्या टेबलावर मदत करतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या एसटीनं भोरला आली. पिशवीतून माईक काढून माझ्या टेबलावर ठेवला. बसली नाही. म्हणाली, ‘‘काका, खरं सांगा. माईक खराब हाये का मी?’’

मी माईक उघडला. आत सगळं जागच्या जागी. टेबलावरच्या सेटला लावला. दुकानात सेट तपासायचा असला की आम्ही खोटी अँटेना लावतो. म्हणजे एक डबा असतो, तो सेटची सगळी ताकद गिळतो, हवेत काही जाऊ देत नाही. मी त्यावर बोललो, लख्ख आवाज. आता बघा, ज्या लहरींनी घोळ घातला त्या बाहेरच पडू दिल्या नाहीत, तर घोळ दिसणार कसा? तापाचा रोगी बर्फात ठेवून ताप मोजावा, तसं. पण माझ्या डोक्यात तेव्हा ते आलं नाही. मी म्हणालो, ‘‘माईक तर चांगला आहे.’’

ती नुसतं ‘‘बरं’’ म्हणाली आणि माईक पिशवीत ठेवायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तसाच बसून राहिलो.

तेवढ्यात शमीम आतून चहा घेऊन आली. तिनं सुरेखाकडे बघितलं, कप टेबलावर ठेवला आणि तिची हनुवटी हातात धरून उजेडाकडे वळवली. ‘‘अगं, तुझ्या ओठाला भाजलंय की! हा फोड कसला?’’

‘‘माईक चावतोय म्हणून सांगितलं व्हतं की, काकू. बटन दाबून बोलाय लागलं आन् ओठ लागला की चट्कन चावतो. काका म्हणले, सवय हुईल.’’

मी चष्मा लावून बघितलं. खालच्या ओठावर मुगाएवढा तांबडा डाग. आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ओठाला चटका बसतोय म्हणजे माईकवर लहरी आल्यात, आणि अशा-तशा नाही, भाजण्याइतक्या. चाळीस वर्षं या धंद्यात, त्या देवळातला नारळ घेतलेला, आणि रोगी स्वतः लक्षण सांगतोय तर मी हसलो! शमीमनं माझ्याकडे एकदा बघितलं. तिला तांत्रिक काही कळत नाही, पण नवऱ्यानं शेण खाल्लं की तिला लगेच कळतं.

‘‘चल,’’ मी म्हणालो, ‘‘नसरापूरला.’’

बबनची जीप महामार्गाजवळच्या झाडाखाली उभी होती. मी लांबूनच बघितली आणि थांबलो. जीप लालभडक! ‘‘कसा हाये रंग?’’ बबननं विचारलं. ‘‘दसऱ्याला दिला. गाडी कशी नवरीवानी दिसाय पायजे.’’

आधी मी सुरेखाला आत बसवलं आणि माझ्याकडचा छोटा सेट घेऊन लांब जाऊन उभा राहिलो. ‘‘ताकद अगदी कमी कर आणि बोल.’’ ती बोलली. आवाज स्वच्छ. ‘‘आता पूर्ण वाढव.’’ बदक. ‘‘कमी कर.’’ स्वच्छ. ‘‘वाढव.’’ बदक. गळा तोच, पट्टी तीच, आणि सेटची ताकद वाढली की घोळ. म्हणजे आवाजाचा काही संबंधच नव्हता. पाच मिनिटांची परीक्षा. हिर्डोशीतून निकाल देण्याऐवजी मी खिंडीत जाऊन एवढं केलं असतं, तर त्या पोरीचा आठ दिवस घसा बसला नसता.

मग मी मागं जाऊन अँटेना बघितली. रंग देताना बबननं ती काढली होती. पुन्हा बसवताना नव्या रंगावर ओरखडा पडू नये म्हणून खुंट्याखाली जुन्या ट्यूबचं रबर कापून घातलं होतं. नटबोल्टांनाही चिकटपट्टी गुंडाळलेली. ‘‘बगा काका, यवढा जड खुंटा, पर रंगाला टिचकी सुदिक न्हाई!’’ त्याचा चेहरा कौतुकाच्या अपेक्षेनं फुललेला. शिवाय अँटेनाची वायर आणि माईकची वायर लोंबकळायच्या, म्हणून त्यानं पूजेच्या लाल-पिवळ्या दोऱ्यानं दोन्ही एकत्र आवळल्या होत्या. वर एक झेंडूचं फूल.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना सांगतो. अँटेना म्हणून जी काठी दिसते ती अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. काठीतून निघालेल्या लहरींना परतीचा रस्ता पत्र्यातून लागतो. बबननं त्या रस्त्यावर रबराची भिंत घातली. मग लहरींनी दुसरी वाट धरली. अँटेनाच्या वायरीवरून सेटवर, सेटवरून माईकच्या वायरीत आणि तिथून थेट सुरेखाच्या ओठापर्यंत. दोन्ही वायरी गळ्यात गळे घालून बांधलेल्या, त्यामुळे त्यांना फार चालावंही लागलं नाही.

‘‘बबन, खुंट्याखालचा रंग खरवडायला लागेल. लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे.’’

बबन माझ्या आणि जीपच्या मधे येऊन उभा राहिला. ‘‘काका, माजा हात कापा, पर रंगाला हात लावू नका.’’

‘‘अरे, रुपयाच्या नाण्याएवढा. कुणाला दिसणार पण नाही.’’

‘‘मला दिसंल की!’’

मी तापलो. मी त्याला काय काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. तोही माझ्या वयाचा मान ठेवत ठेवत बरंच बोलला. सुरेखा शांतपणे जीपमधून उतरली. ‘‘बबनदादा, भांडू नका. जरा ह्यो माईक धरा. असा, तोंडाजवळ. अजून जवळ. आता बटन दाबा आन् नुसतं हॅलो म्हणा.’’

नियमाप्रमाणे परवाना नसलेल्यानं सेटवर बोलायचं नसतं. पण बबन बोललाच नाही. ‘‘ह—’’ एवढंच आलं आणि मग ‘‘आयायायाया!’’ माईक सीटवर, बबन रस्त्यावर, दोन्ही हात मिशीवर. शेजारच्या टपरीवरचे लोक धावत आले. ‘‘चावला!’’ बबन ओरडत होता. ‘‘आयला, मिशीतनं चावला!’’

‘‘मला आठ दिस झालं चावतोय,’’ सुरेखा म्हणाली.

बबननं मिशी चोळली. तिच्या ओठाकडे बघितलं. मग गप जीपमागं गेला, स्वतःच ट्यूबचं रबर उपटून काढलं आणि माझ्या हातातला पॉलिश पेपर घेतला. ‘‘सरका काका. तुमी जास्त खरवडाल.’’

नंतर तासभर आम्ही तिघंही त्या जीपला चिकटून होतो. खुंट्याखाली लोखंड उघडं केलं, दातेरी वायसर घालून आवळलं, गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. मागचा दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये तांब्याची वेणी जोडली, म्हणजे सगळा पत्रा एक झाला. दोन्ही वायरी सोडवून एक या बाजूनं, एक त्या बाजूनं नेली. माईकच्या वायरीला सेटजवळ काळ्या कडीतून वेढे दिले आणि माईकच्या पोटात तांदळाएवढा एक कंडेन्सर बसवला. उरलासुरला कचरा त्यानं गिळायचा. झेंडूचं फूल बबननं काढून समोरच्या आरशाला लावलं.

‘‘आता बोल,’’ मी म्हणालो. ‘‘पूर्ण ताकदीवर. आणि तुझ्या आवाजात बोल. दळताना बोलतेस तसं.’’

सुरेखानं ओठ अगदी माईकला लावला, मुद्दाम. बटन दाबलं. काही चावलं नाही. तिनं साहेबांना हाक मारली आणि झाडावरचे कावळे उडाले.

पुण्याहून साहेबांचं उत्तर आलं, ‘‘उत्तम! एकदम स्वच्छ. कोण बोलतंय? माईक बदललात का?’’

‘‘माईक त्योच हाये, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘बाई बी तीच.’’

साहेब म्हणाले, ‘‘मग जीपमधली माणसं बदलायची गरज नाही.’’ सुरेखानं तिथंच रस्त्यात उडी मारली. बबननं हॉर्न वाजवला तो वाजवतच राहिला.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. हवेत, सगळ्यांसमोर मी तिचा आवाज वाईट ठरवला होता, तर ते हवेतच परत घ्यायला हवं होतं. पण कारागिराच्या तोंडातून ‘माझं चुकलं’ निघायला भारी जोर लागतो. मी म्हणालो, ‘‘चला, किरकोळ होतं.’’ घरी आल्यावर शमीमनं विचारलं, ‘‘सांगितलंत सगळ्यांना?’’ म्हटलं, ‘‘सांगेन.’’ ती म्हणाली, ‘‘बदनामी पंगतीत केलीत आणि माफी कोपऱ्यात मागणार असाल, तर मला जेवायला वाढायला सांगू नका.’’ दोन दिवस मी स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.

शर्यतीच्या दिवशी माझी नेमणूक खिंडीखालच्या ओढ्यावर होती. डोंगरावर धुकं. वरून सुरेखाचा आवाज येत होता आणि काय सांगू, ऐकत राहावंसं वाटत होतं. कोण कुठं पोचला, कुठं पाणी संपलं, कुणाला कुठं पाठवायचं, सगळं कसं चटचट. मी ठरवलं, आत्ताच सांगून टाकू. मी हाक मारली.

‘‘बोला, काका.’’

‘‘सुरेखा, मला सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगायची आहे.’’

‘‘तातडीची हाये का?’’

‘‘तातडीची अशी नाही, पण...’’

‘‘मग थांबा. वाट बगा.’’

मी थांबलो. मुख्य स्टेशन थांबा म्हणालं की थांबायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. आणि बरं झालं थांबलो. तेवढ्यात दुसऱ्या एका स्टेशनावरून निरोप आला, एक धावणारा माणूस पुढच्या टप्प्यावर पोचलाच नाही. त्याच्या मागून आलेला म्हणतो, धुक्यात तो कुठं वळला ते दिसलं नाही. सुरेखानं त्या मागच्याला विचारायला लावलं, ‘‘वळला तितं करवंदीची जाळी व्हती का? उंबर व्हता का?’’ उत्तर आलं, उंबर होता. ‘‘मग त्यो गुरांच्या वाटेला लागला. काका, तुमच्या ओढ्यानं वर माणूस पाठवा. पयला फाटा सोडा, दुसऱ्याला डावीकडं. परत सांगते, डावीकडं. उजवीकडं कडा हाये.’’

तो ‘डावीकडं’ माझ्या कानात असा स्वच्छ वाजला! मी दोन गडी पाठवले. अर्ध्या तासात ते त्याला पाठुंगळी घेऊन आले. पाय मुरगळलेला, बाकी धडधाकट आणि भूक लागलेली. मी वर कळवलं. सगळ्या स्टेशनांवरून ‘शाब्बास सुरेखाताई’ सुरू झालं. तिनं सगळ्यांना गप्प केलं. ‘‘कौतुक मागनं. अजून माणसं डोंगरात हायेत.’’

ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेवटचा धावपटू खाली पोचला. सुरेखानं एकेका स्टेशनाचं नाव घेऊन काम संपल्याचं विचारलं. माझा नंबर शेवटी आला.

‘‘काका, तुमचा निरोप राहिलाय. आता बोला.’’

मी बटन दाबलं आणि एका दमात सांगितलं. ‘‘दसऱ्यानंतरच्या तालमीत मी सगळ्यांना सांगितलं होतं की सुरेखाचा आवाज माईकला सोसत नाही. ते खोटं होतं. तिचा आवाज पहिल्यापासून चांगला होता. तिनं मला बिघाड सांगितला, तर मी हसलो. चूक माझी होती. तिची मी माफी मागतो.’’

बटन सोडलं. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मला वाटलं, रडते की काय पोरगी.

मग तिचा तो गिरणीवरचा आवाज आला, आणि त्यात हसू मावत नव्हतं. ‘‘निरोप मिळाला, काका. पर लांबच्या स्टेशनांस्नी नीट ऐकू गेला नसंल. परत एकदा सांगा. सावकाश सांगा.’’

मी परत सांगितलं. सावकाश, आणि या वेळी जरा मोठ्यानं.